फायलीचे जन्मजात अधिकार

मनुष्याच्या व्यवहारांत ज्या गोष्टी कोणीं मुद्दाम ठरविलेल्या नसतात, त्याच पुष्कळ वेळां सर्वांत अधिक परिणाम घडवितात. घराचें दार उघडें ठेवावें कीं लावावें, याचा विचार घरधनी रोज सकाळीं करीत बसत नाहीं. ज्या गांवीं दार उघडें ठेवण्याची रीत असेल तेथें तें उघडें राहतें, व जेथें लावण्याची रीत असेल तेथें तें लागतें. रीत चांगली असेल तर तिची आठवणही कोणास होत नाहीं. ती वाईट असेल तर चोरी झाल्यावरच ध्यानांत येते. संगणकामध्यें सांठविलेल्या कागदपत्रांची स्थिति अशीच आहे. नवी फाईल ज्या क्षणीं तयार होते त्याच क्षणीं ती कोणीं वाचावी, कोणीं बदलावी व कोणीं चालवावी, याचा निर्णय झालेला असतो. हा निर्णय बहुधा फाईल करणाऱ्यानें घेतलेला नसतो. यंत्राचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिनें तो त्याच्या वतीनें घेतलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील डोणगांवाचें उदाहरण घ्यावें. महाराष्ट्रांतील इतर गांवांप्रमाणें तेथील कुटुंबांचा व्यवहारही आतां कागदाइतकाच संगणकावर लिहिला जातो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, मुलांची शिष्यवृत्ति, यांपैकीं कशाचाही अर्ज करावयाचा म्हटलें कीं आधार कार्डाची, बँकेच्या पासबुकाची किंवा सातबाऱ्याची प्रत कोठल्या तरी यंत्रांत उतरविली जाते. अशा गांवांतील एका सेवा केंद्राची कल्पना करावी. तेथें संगणक एकच; त्यावर सकाळीं एक व सायंकाळीं दुसरा असे दोन चालक आळीपाळीनें बसतात, आणि रात्रीं दुकानदाराचा मुलगा त्याच यंत्रावर अभ्यास करतो. तिघांचीं खातीं वेगळीं व पासवर्डही वेगळे. सकाळच्या चालकानें एका शेतकरी बाईच्या पासबुकाची प्रत यंत्रांत उतरविली. ती प्रत सायंकाळच्या चालकास दिसावी काय? मुलास दिसावी काय? दिसली तर त्यांतील आंकडा बदलतां यावा काय? या प्रश्नांचीं उत्तरें बाईनें दिलेलीं नाहींत व चालकानेंही दिलेलीं नाहींत. तरी यंत्रापाशीं तीं तयार असतात.

कागदाच्या जगांतील हे भेद मराठी माणसास चांगले परिचित आहेत. सातबारा हा गांव नमुना सात व गांव नमुना बारा यांचा जोड उतारा होय. त्यांपैकीं नमुना सात यास तर 'अधिकार अभिलेख' असेंच नांव आहे. हा उतारा कोणासही पाहतां येतो व त्याची नक्कलही मिळवितां येते. परंतु त्यांतील नोंद बदलण्याचा अधिकार महसूल खात्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच असतो, व तोही फेरफार रीतसर प्रमाणित झाल्यावरच. बँकेचें पासबुक याच्या अगदीं उलट. खातेदार व बँक यांखेरीज इतरांनीं तें पाहण्याचें कारण नाहीं. महिला बचत गटाची वही तिसऱ्या प्रकारची: चिटणिसानें ती लिहावी, गटांतील सभासदांनीं ती वाचावी, व गटाबाहेरच्या माणसानें तिला हात लावूं नये. सातबारा, पासबुक व गटाची वही हे तीन नमुने ध्यानांत ठेवले म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होतें.

संगणकाच्या जगांत ही व्यवस्था सर्वांत स्पष्टपणें मांडली ती युनिक्स या प्रणालीनें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून ती घडविली. लिनक्स ही १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स यानें आरंभिलेली प्रणाली तिच्याच वळणावर चालते, आणि आज घरोघरीं असलेल्या अँड्रॉइड फोनांच्या मुळाशीं लिनक्सच आहे. युनिक्सनें प्रत्येक फायलीपुढें माणसांचे तीन वर्ग केले: फायलीचा मालक, मालकाचा गट, आणि उरलेले इतर सर्व. प्रत्येक वर्गास तीन प्रकारचे अधिकार देतां किंवा नाकारतां येतात: वाचणें, लिहिणें व चालविणें. चालविणें म्हणजे फाईल हा प्रोग्रॅम समजून यंत्राकडून तिचें काम करवून घेणें. तीन वर्ग व तीन अधिकार मिळून नऊ प्रश्न होतात, आणि प्रत्येकाचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच असतें.

हीं नऊ उत्तरें थोडक्यांत लिहिण्यासाठीं अंकांची युक्ति योजिलेली आहे. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे अंक दिलेले आहेत. ज्या वर्गास वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार आहे त्याचा अंक ६. ज्यास तिन्ही आहेत त्याचा ७. ज्यास केवळ वाचतां येतें त्याचा ४. व ज्यास कांहींच नाहीं त्याचा शून्य. मालक, गट व इतर यांचे अंक क्रमानें एकापुढें एक लिहिले म्हणजे फायलीचा अधिकारांक तयार होतो. या लिपींत सातबारा हा ६४४ होय: मालक लिहितो, बाकीचे वाचतात. पासबुक ६०० होय, आणि बचत गटाची वही ६४०.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, नव्या फायलीस हा अंक देतो कोण? येथें दोघांचा हात लागतो. पहिला हात फाईल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचा. फाईल उघडण्याची विनंति करतांना तो प्रणालीस सांगतो कीं, इतके अधिकार असावेत. साधें पत्र किंवा चित्र सांठविणारा प्रोग्रॅम बहुधा ६६६ मागतो, म्हणजे वाचणें व लिहिणें सर्वांस मोकळें. चालविण्याचा अधिकार तो मागत नाहीं, कारण पत्र हें कांहीं चालविण्याची वस्तु नव्हे. फोल्डर तयार करतांना मात्र ७७७ मागितले जातात. फोल्डरच्या बाबतींत 'चालविणें' याचा अर्थ आंत प्रवेश करणें असा होतो, व प्रवेशावांचून फोल्डर निरुपयोगी ठरेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास ही फाईल डोणगांवांत वापरली जाईल कीं डब्लिनमध्यें, आणि ती पासबुकाची असेल कीं लग्नपत्रिकेची, हें ठाऊक नसतें. म्हणून तो सढळ हातानें मागणी करतो.

दुसरा हात चाळणीचा. या चाळणीस युनिक्सच्या भाषेंत यूमास्क म्हणतात. युनिक्सच्या आरंभींच्या आवृत्त्यांत ती नव्हती. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत ती प्रणालींत आलेली होती. चाळणीवरही तीनच अंक असतात, परंतु त्यांचा अर्थ उलटा असतो: कोणते अधिकार द्यावे हें ते सांगत नाहींत, कोणते अडवावे तें सांगतात. चाळणी ०२२ असेल तर मालकाचें कांहीं अडत नाहीं, आणि गट व इतर यांचा लिहिण्याचा अधिकार अडतो. प्रोग्रॅमनें ६६६ मागितले, चाळणीनें ०२२ अडविले, आणि फाईल जन्मास आली ती ६४४ घेऊन. त्याच चाळणींतून फोल्डर ७५५ होऊन बाहेर पडतो. चाळणी ०७७ असेल तर फाईल ६०० होते व फोल्डर ७००. म्हणजे मालकावांचून सर्वांस दार बंद.

हा हिशेब वजाबाकीसारखा दिसतो, व पुष्कळ शिकाऊ लोक तो वजाबाकी म्हणूनच पाठ करतात. परंतु तो वजाबाकी नव्हे. समजा चाळणी ०३३ आहे. ६६६ मधून ०३३ वजा केले तर ६३३ येतील, व त्याचा अर्थ असा होईल कीं गटास व इतरांस फाईल लिहितां व चालवितां येते पण वाचतां येत नाहीं. प्रत्यक्षांत तसें घडत नाहीं. चाळणीवरील ३ म्हणजे २ व १; ती लिहिणें व चालविणें हे दोन अधिकार अडविते. चालविण्याचा अधिकार मुळांत मागितलेलाच नव्हता, म्हणून त्यास अडविण्यानें कांहीं कमी होत नाहीं. लिहिणें तेवढें गेलें, वाचणें राहिलें, आणि उत्तर आलें ६४४. येथें हातचा घ्यावयाचा नसतो. नऊ प्रश्नांपैकीं प्रत्येकाचा निकाल स्वतंत्रपणें लागतो.

यांतूनच चाळणीचा दुसरा गुण स्पष्ट होतो. चाळणींत जें पीठ घातलेंच नाहीं तें खालीं पडणार नाहीं. चाळणी कितीही मोकळी केली, अगदीं ००० केली, तरी ती नवा अधिकार उत्पन्न करूं शकत नाहीं. म्हणून ज्या प्रोग्रॅमांना गुप्ततेचें महत्त्व कळतें ते आपली मागणीच आखडती ठेवतात. दूरच्या संगणकाशीं सुरक्षित संबंध जोडण्यासाठीं जी खासगी किल्ली तयार केली जाते, तिची फाईल आरंभींच ६०० मागते; मग चाळणी कशीही असो, ती किल्ली परक्याच्या हातीं पडत नाहीं. अशा रीतीनें प्रोग्रॅम व चाळणी या दोघांपैकीं जो अधिक सावध असेल त्याचें म्हणणें टिकतें.

चाळणी ही फायलीची नसते. ती चालू असलेल्या कामाची असते. एक काम दुसऱ्या कामास जन्म देतें तेव्हां आपली चाळणीही त्यास वारशानें देतें. मनुष्य खात्यांत शिरतो त्या वेळीं पहिल्या कामास जी चाळणी मिळाली तीच पुढें त्या बैठकींतील सर्व कामांकडे जाते. यामुळें एकाच ठिकाणीं बदल करून सबंध दिवसाचा व्यवहार सुधारतां येतो. परंतु चाळणी बदलली म्हणून आधीं जन्मलेल्या फायलींत कांहींच फरक पडत नाहीं. त्यांचे अधिकार बदलावयाचे तर एकेका फायलीस हात लावावा लागतो.

येथें कोणी असें विचारील कीं, आधीं फाईल उघडी तयार करून मग तिला कुलूप घातलें तर काय बिघडेल? बिघडतें तें असें. फाईल तयार होणें व कुलूप लागणें यांमध्यें क्षणाचें अंतर राहतें, व संगणकाच्या दृष्टीनें तो क्षण मोठा असतो. त्या अवधींत दुसऱ्या कामानें फाईल उघडली तर नंतर लावलेलें कुलूप त्यास अडवीत नाहीं. अधिकाराची तपासणी फाईल उघडतांना होते. एकदां उघडलेली फाईल हातांत असेपर्यंत वाचतां येते. म्हणून अधिकार हे जन्माच्याच क्षणीं ठरले पाहिजेत, आणि चाळणीची योजना प्रणालीच्या गाभ्यांत केलेली आहे तिचें महत्त्व यांतच आहे.

मग आरंभींची चाळणी कोणती असावी? याविषयीं मतभेद आहेत व ते केवळ तांत्रिक नाहींत. ०२२ ही पुष्कळ लिनक्स प्रणालींत रूढ असलेली चाळणी विश्वासाच्या वातावरणाची आहे. प्रयोगशाळेंतील सहकारी एकमेकांचें काम वाचतील, पण बिघडविणार नाहींत, असें ती गृहीत धरते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक तयार केला. आज पुण्याच्याच आयसर संस्थेंत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. अशा यंत्रावर अनेक संशोधकांचीं खातीं असतात व कित्येकांचें काम सामाईक असतें. तेथें ज्यांचा गट एक आहे त्यांना परस्परांच्या फायली लिहितां याव्या म्हणून ००२ ही चाळणी सोयीची, व परक्या गटास कांहींच दिसूं नये म्हणून ०२७ ही त्याहून सावध. एकट्याच्या खासगी कागदांस ०७७ योग्य. एकच चाळणी सर्वांस पुरेल असें मानणें हीच मोठी चूक होय.

या मतांतराचा एक ठळक पुरावा उबुंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालींत सांपडतो. तिच्यांत प्रत्येक मनुष्याचा मुख्य फोल्डर दीर्घकाळ ७५५ अधिकारांनीं तयार होत असे. म्हणजे त्याच यंत्रावरील इतर माणसांस आंत शिरून पाहतां येई. २०२१ सालच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांचा हा फोल्डर ७५० झाला व परक्यांस दार बंद झालें. फाईल स्वतः ६४४ असली तरी तिच्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक फोल्डरांत प्रवेश मिळाल्यावांचून ती वाचतां येत नाहीं. म्हणून बाहेरचा दरवाजा लागल्यानें आंतील खोल्याही सुरक्षित झाल्या. डोणगांवच्या त्या काल्पनिक केंद्रांत जुनी पद्धत असती तर बाईचें पासबुक रात्रीं अभ्यास करणाऱ्या मुलासही वाचतां आलें असतें. नव्या पद्धतीनें येत नाहीं. दोन्ही वेळां चालकाचें वर्तन एकच होतें. बदलली ती केवळ न विचारतां मिळणारी व्यवस्था.

विंडोज प्रणालीचा मार्ग निराळा आहे. १९९३ मध्यें आलेल्या विंडोज एनटीपासून तिच्या एनटीएफएस या मांडणींत प्रत्येक फायलीस अधिकारांची यादी जोडलेली असते: अमुक माणसास अमुक परवानगी. नवी फाईल ही यादी बहुधा ज्या फोल्डरांत ती जन्मते त्याच्याकडून घेते. म्हणजे युनिक्समध्यें वारसा करणाऱ्याच्या हाताकडून येतो, तर विंडोजमध्यें जागेकडून. म्हणून तेथें फाईल कोठें ठेवली यास फार महत्त्व आहे. स्वतःच्या खात्याच्या फोल्डरांत ठेवलेली फाईल यंत्राचा व्यवस्थापक सोडून इतरांस दिसत नाहीं. तीच सी ड्राइव्हच्या मुळाशीं नवा फोल्डर करून त्यांत ठेवली तर त्या यंत्रावरील इतर खातेदारांसही ती वाचतां व बहुधा बदलतांही येते. आणखी एक बारकावा असा कीं, नक्कल केलेली फाईल नव्या जागेचे अधिकार घेते, पण त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरांतून दुसऱ्यांत नुसती हलविलेली फाईल सामान्यतः जुनेच अधिकार घेऊन जाते. लिनक्समध्येंही फोल्डरला अशी यादी लावून ठेवतां येते, आणि ती असेल तेव्हां चाळणीचा विचार केला जात नाहीं.

फोनची कथा याहून बोधप्रद आहे. अँड्रॉइडनें प्रत्येक ॲप हा जणूं निराळा मनुष्यच मानून त्यास वेगळें खातें दिलें, व त्याच्या खासगी फायली इतर ॲपांपासून राखल्या. परंतु आपली फाईल सर्वांस वाचतां यावी असें ठरविण्याची मुभा आरंभीं ॲप लिहिणाऱ्यास होती. २०१२ मधील ४.२ या आवृत्तींत ही सोय त्याज्य ठरविली गेली, आणि २०१६ मधील ७.० या आवृत्तीसाठीं लिहिलेल्या ॲपनें ती वापरूं पाहिल्यास प्रणाली सरळ नकार देऊं लागली. सर्वत्र प्रवाह एकाच दिशेनें वाहत आहे: आधीं बंद, मग मागितल्यावर उघडें.

न विचारतां मिळणाऱ्या व्यवस्थेचें बळ केवढें असतें हें संगणकाबाहेरील एका गोष्टीवरून विशेष कळतें. मिताक्षर कायद्याप्रमाणें एकत्र हिंदु कुटुंबांतील मुलास वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क मिळे. मुलीस मिळत नसे. कोणा बापानें बसून मुलीविरुद्ध निर्णय घेतलेला नसे. चाळणीच तशी होती. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीसही जन्मानें सहदायाद मानलें; परंतु त्या तारखेपूर्वीं जिचा विवाह झाला तिला हा नियम लावला नाहीं. चाळणी बदलली, जुन्या फायली तशाच राहिल्या. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनें विवाहाचा अडसर काढला, आणि वडील त्या दिवशीं हयात असण्याची आवश्यकता नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. जन्मक्षणींचा एक नियम सुधारून तो मागच्या पिढीपर्यंत पोंचविण्यास एवढा काळ लागला. संगणकांत तेंच काम एका आज्ञेनें होतें, हें खरें. पण ती आज्ञा द्यावयाची आहे याची कोणास तरी जाणीव असावी लागते.

सुशिक्षित घरांनीं यांतून कोणता व्यवहार शिकावा? पहिली गोष्ट ही कीं, एका यंत्रावर जितकीं माणसें तितकीं खातीं असावीं. सर्वजण एकाच खात्यांत बसत असतील तर प्रणालीच्या दृष्टीनें तो एकच मनुष्य ठरतो, व सगळी चाळणी व्यर्थ होते. दुसरी, महत्त्वाच्या कागदांसाठीं आधीं फोल्डर करावा, त्याचे अधिकार ठरवावे, आणि मग त्यांत कागद ठेवावे. क्रम उलटा करूं नये. तिसरी, साध्या पेनड्राइव्हवर पुष्कळदां फॅट ही जुनी मांडणी असते, व तिच्यांत मालक किंवा गट यांची नोंदच नसते. यंत्रांत कुलूपबंद असलेलें पासबुक पेनड्राइव्हवर उतरलें कीं तें ज्याच्या हातीं पडेल त्याचें होतें. चौथी, हे अधिकार चालू प्रणालीपुरतेच आहेत. यंत्राच्या व्यवस्थापकास ते अडवीत नाहींत, आणि डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडणाऱ्यासही अडवीत नाहींत. त्यासाठीं डिस्कवरील मजकूरच कूटरूपांत ठेवावा लागतो.

सेवा केंद्राच्या दारांत उभ्या राहिलेल्या बाईस चाळणी म्हणजे काय हें ठाऊक असण्याची अपेक्षा करतां येत नाहीं, आणि तशी गरजही पडूं नये. तिनें आपला कागद विश्वासानें पुढें केला. त्या कागदाची प्रत यंत्रांत कोणते अधिकार घेऊन जन्मास येईल, हें पाहण्याची जबाबदारी यंत्र मांडणाऱ्यांची आहे. ती त्यांनीं पहिल्याच दिवशीं पार पाडावी, कारण जन्माच्या वेळीं न मागतां दिलेला अधिकार पुढें परत घेणें फार कठीण असतें.